परक्या लाकडाची लेखणी

एखाद्याचा चेहरा रेखीव असला की आपण त्याला 'कातीव' म्हणतो. देवळाच्या खांबांनाही कातीव म्हणतो. हा शब्द मुळात लाकडाच्या कारखान्यातला आहे, हे मात्र आपण विसरून गेलो आहोत. सूत कातणे आणि लाकूड कातणे ही दोन्ही कामे फिरत्या गोष्टीवर चालतात, म्हणून दोघांना एकच क्रियापद. एकीकडे चाती फिरते, दुसरीकडे लाकडाचा तुकडाच स्वतःभोवती फिरतो आणि कारागीर त्याला पटाशी लावून हवा तो आकार काढतो. हे काम करणारा तो कातारी. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे. आजच्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारा, 'कातारी' म्हणजे कोण? उत्तर येणार नाही. शब्द उरला तो फक्त नटनट्यांच्या वर्णनापुरता.

या लेखाचा विषय आहे लाकूड कातून केलेली पेने. त्यातही ऑस्ट्रेलियाच्या मातीतल्या लाकडांची. आणि हे सारे मला सांगायचे आहे ते बेळगावच्या संदर्भात. वाचक म्हणतील, कुठे ऑस्ट्रेलिया, कुठे बेळगाव! पण थोडा धीर धरावा. (या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झाले आहे. आम्हा गोवेकरांच्या तोंडी ते बेळगावच आहे, म्हणून इथेही तसेच लिहितो.)

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती नावाचे जैन मंदिर आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ते १२०४ साली बांधले. छताला लटकणारे दगडी कमळ पाहायला लोक जातात, पण मला तिथले खांब अधिक ओढ लावतात. वर्तुळाकार कड्यांवर कडी, मध्येच धारदार खाच, पुन्हा फुगीर गोलाई. दगड चाकावर फिरवून कातावा तसे हे खांब आहेत. चालुक्यांच्या उत्तरकाळापासून होयसळांपर्यंत ही शैली दख्खनमध्ये फोफावली. घाट उतरून आमच्याकडे तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरात आलात, तर त्याच घराण्याचे खांब दिसतील. म्हणजे या परिसरातल्या माणसाला 'फिरवून कातणे' ही कल्पना आठशे वर्षांपासून ठाऊक आहे. दगडात जे इतके डौलदार उतरले, ते लाकडात किती सहज होत असेल! पण लाकूड दगडाइतके टिकत नाही, त्यामुळे त्याचा इतिहास सांगायला फारसे पुरावे मागे राहिले नाहीत.

आता लेखणीकडे वळू. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच लिहिला आहे. अक्षर कसे असावे, कागद कसा असावा, हे सांगताना ते निरनिराळ्या देशांतून बरू आणावेत असेही सांगतात. सतराव्या शतकातला हा संन्यासी लेखणीच्या बाबतीत परदेशी माल वर्ज्य मानत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बरू किंवा बोरू म्हणजे एका जातीच्या वेताळ गवताची काडी. चाकूने तिरका छेद द्यायचा, मध्ये बारीक चीर पाडायची, की झाली लेखणी. मोडीची सगळी वळणे, जाड-बारीक फराटे या तिरक्या छेदातून आले. पेशवाईच्या दप्तरातल्या कोट्यवधी ओळी याच काडीने लिहिल्या. 'बोरूबहाद्दर' म्हणून कारकुनाची टिंगल केली जाई ती याच काडीवरून. या लेखणीला कातारी लागत नव्हता. निसर्गानेच ती गोल आणि पोकळ करून ठेवली होती.

कातारी लेखणीच्या जगात शिरला तो टाकामुळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी पोलादी निबांचा पाऊस पाडला. निब स्वस्त झाली, पण ती बसवायला दांडी हवी. ही दांडी म्हणजे कातलेले लाकूड, बोटे धरतात तिथे जरा जाड आणि मागे निमुळते होत गेलेले. दौत, टाक, टीपकागद आणि कित्ता या चार गोष्टींवर आपल्या आजोबांचे अक्षर घडले. टाकाची दांडी कुणी केली हे कोणी विचारले नाही. पेन्सिलीच्या सुताराचे नाव तरी कुणाला ठाऊक असते?

पुढे फाउंटन पेन आले आणि लाकूड मागे पडले. कारण सोपे आहे. लाकूड शाई पिते. ओले झाले की फुगते, वाळले की आकसते, आणि आटे धरून राहत नाहीत. म्हणून रबरात गंधक मिसळून, तापवून कडक केलेला एबोनाइट आला. या नावातच गंमत आहे. इंग्रजीत काळ्याभोर आबनूस लाकडाला 'एबनी' म्हणतात. ते काळेपण आणि ती झळाळी या रबराला आली म्हणून त्याचे नाव एबोनाइट. म्हणजे पहिले फाउंटन पेन हे एका लाकडाची नक्कल होती.

आता निपाणीकडे पाहा. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. विडी वळतात ती तेंदूच्या पानात. मराठीत या झाडाला टेंभुर्णी म्हणतात. हे झाड आबनूसच्याच कुळातले आहे आणि जुन्या झाडाचा गाभा काळा, जड, अस्सल आबनूस असतो. विदर्भ-मध्य प्रदेशातल्या जंगलांतून या पानांची पोती येतात आणि हजारो बायकांच्या बोटांतून त्यांच्या विड्या होतात. पानाला बाजारभाव मिळाला, तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले, गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. पान आणि तंबाखू यांना इतिहासात जागा मिळाली. त्या झाडाच्या गाभ्याला मिळाली नाही.

स्वदेशीच्या काळात लेखणीचा प्रश्न पुन्हा वर आला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. त्याची धुरा वाहणारे गंगाधरराव देशपांडे हे याच जिल्ह्याचे. हुदली गावात खादीचे काम त्यांनी उभे केले. सूत कातण्याची ती चळवळ होती. लाकूड कातणाऱ्याच्या वाट्याला चरखा तेवढा आला. त्याच दशकात गांधीजींच्या प्रेरणेने राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी देशी फाउंटन पेनाचा ध्यास घेतला. १९३२ साली त्यांचा उद्योग उभा राहिला आणि १९३५ साली गांधीजींनी त्यांच्या पेनाची पोच देणारे पत्र लिहिले. मराठी मुलखात १९३१ साली गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे 'कॅम्लिन' झाले. स्वतः गांधीजींचा कल मात्र बोरूकडे होता. खेड्यातल्या माणसाला जी लेखणी स्वतः करता येते ती खरी, असे त्यांचे म्हणणे. रत्नम यांच्या पेनालाही लेथ लागला. एबोनाइटची कांडी हाताने लेथवर कातून ते पेन होई. साहित्य बदलले, हात कातारीचाच राहिला.

बेळगाव आणि लेथ यांची गाठ तर याहून जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय सुरू झाला. पुढे कडबा कापायची यंत्रे आली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावत नव्हते आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही कथा अनेकांनी वाचली असेल. नगरपालिकेला जागा हवी झाली, कारखान्याला बेळगाव सोडावे लागले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि मराठी वाचकाला एक नवे मासिक मिळाले. एकाच घराने लेथही चालवला आणि लेखणीही. १९४१ मध्ये या घराण्याने तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना काढला. दक्षिण भारतातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये 'हरिहरचा लेथ' हा मानाचा शब्द होता. तो कारखाना आता बंद आहे. या हरिहरकडे आपल्याला थोड्या वेळाने पुन्हा यायचे आहे.

आता झाडे. ऑस्ट्रेलियाची झाडे आपल्याकडे कशी आली याची कथा वसाहतीची कथा आहे. टिपू सुलतानाने १७९० च्या सुमारास नंदीच्या डोंगरावर निलगिरी लावली असे सांगतात. १८४३ मध्ये ती उटीच्या डोंगरात गेली. तिथे जळणाचा तुटवडा होता, आणि हे झाड भराभर वाढत होते. डोंगराचे नाव झाडाला चिकटले. मराठी माणूस सर्दी झाली की 'निलगिरीचे तेल' शोधतो, तेव्हा तो एका ऑस्ट्रेलियन झाडाला तमिळ डोंगराच्या नावाने मराठीत हाक मारत असतो. सुरूचे झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारच्या किनाऱ्यावर हौसेने लावले गेले आणि तिथून कोकणपट्टीवर सर्वत्र पसरले. आमच्या किनाऱ्यावर ते इतके रुळले आहे की चित्रकार गोव्याचा समुद्र काढतो तेव्हा माडाशेजारी सुरूही काढतो. सिल्व्हर ओक हे तिसरे झाड. कोडगूच्या कॉफीमळ्यांत सावली धरायला ते आणले. नावात 'ओक' असले तरी ओकशी त्याचे काही नाते नाही. इंग्रज माणूस परमुलखात गेला की तिथल्या झाडांना घरच्या झाडांची नावे देतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि चौथे अकेशिया. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापासून पापुआ न्यू गिनीपर्यंतचे हे झाड भारतात आले १९४६ साली, बंगालमध्ये. पुढे सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत कर्नाटकात ते भरमसाट लावले गेले. गोव्यातून बेळगावला येताना रस्त्याच्या कडेला रांगेत उभी असलेली, कोयत्यासारख्या पानांची आणि पिवळ्या तुऱ्यांची ही झाडे सर्वांनी पाहिली आहेत. आमच्याकडे खाणींच्या मातीचे ढिगारे हिरवे दाखवायला हीच झाडे वापरली. जिथे काही येत नाही तिथे ती येतात. हाच त्यांचा गुण आणि हाच दोषही. खाली गवत धड वाढत नाही, गुरे पाला खात नाहीत, पाखरांना फळ नाही.

या झाडांवरून संघर्षही झाला. १९७२ मध्ये हरिहरलाच पॉलिफायबर्सचा कारखाना उभा राहिला. त्याला लगदा हवा होता आणि लगद्यासाठी निलगिरी. १९८४ मध्ये कर्नाटक सरकारने त्या उद्योगाबरोबर संयुक्त कंपनी काढली आणि धारवाड, उत्तर कन्नड, शिमोगा, चिकमगळूर या जिल्ह्यांतली तीस हजार हेक्टर जमीन तिला द्यायचे ठरवले. यात गावांची गायराने होती, सरपण आणि चारा तिथूनच येत होता. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूर गावी लोक जमले. त्यांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी लोकांच्या उपयोगाची झाडे लावली. कन्नडमध्ये याला 'कित्तिको-हच्चिको' म्हणतात. उपटा आणि लावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, काही वर्षांतच कंपनी गुंडाळावी लागली. २०१७ साली कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

ज्या हरिहरला लेथ तयार होत होते, त्याच हरिहरला ही लाकडे लगदा होण्यासाठी येत होती. नदीच्या काठावर दोन्ही कारखाने काही मैलांच्या अंतरावर. पण लाकूड लेथपर्यंत पोहोचले नाही. एका गावात दोघे राहिले आणि ओळख झाली नाही, असे माणसांचे होते. तसे हे झाले.

ऑस्ट्रेलियात काय झाले ते आता पाहू. तिथे 'मॅली' नावाची निलगिरीच्याच घराण्यातली बुटकी झाडे असतात. त्यांची मुळे जमिनीखाली गाठाळ, मोठ्या भोपळ्याएवढी फुगतात. गहू पेरायला शेतकरी रान साफ करू लागले की नांगराचे फाळ या गाठींवर आपटून मोडत. यातूनच १८७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात बुंधा आला की उडी मारून पुढे जाणारा नांगर शोधला गेला. आपल्याकडे लक्ष्मणरावांना नांगरासाठी शेतकऱ्याच्या मनातला अडथळा ओलांडावा लागला, तिथे जमिनीतला. या मॅलीच्या गाठी काढून लोक शेकोटीत घालत. पुढे कुणीतरी एक गाठ कापून लेथवर चढवली. आत लालसर लाकूड, भोवऱ्यासारख्या रेषा, मध्ये डोळे डोळे. आज त्या गाठीच्या वीतभर तुकड्याला पेन करणारे लोक चांगले पैसे मोजतात.

अशी कितीतरी लाकडे आहेत. 'गिजी' ही बाभळीची तिकडली बहीण. पावसाळी हवेत तिचा वास असह्य होतो, पण लाकूड इतके जड की पाण्यात बुडते, आणि कातल्यावर काचेसारखे चमकते. 'जारा' हे पश्चिम ऑस्ट्रेलियातले गडद तांबडे लाकूड. लंडनचे रस्ते याच्या ठोकळ्यांनी फरसबंद केले होते आणि रेल्वेच्या रुळांखाली घालायला ते हिंदुस्थानातही आले. 'बँक्सिया' या झाडाचे तर लाकूडही नको, त्याचे बोंड कातून पेन करतात. १७७० साली कॅप्टन कुकबरोबर आलेल्या जोसेफ बँक्सचे नाव त्याला आहे. वणवा लागल्याशिवाय यातल्या अनेक जातींचे बोंड उघडत नाही. टास्मानियाचा ह्यूऑन पाइन दोन हजार वर्षांहून अधिक जगतो. उभे झाड तोडायला आता मनाई आहे, म्हणून पूर्वी पडलेली किंवा पाण्याखाली गेलेली ओंडकी काढून वापरतात. आणि आपला सिल्व्हर ओक? तिकडे त्याला रेशमी ओक म्हणतात. विशिष्ट दिशेने चिरला की त्यात जरीच्या ठिपक्यांसारखी चमक दिसते. सुरूच्या भाऊबंदांतही तीच जाळीदार नक्षी असते. आपल्याकडे हा सिल्व्हर ओक पेट्यांना आणि प्लायवुडला जातो.

पेन कसे करतात तेही सांगतो, कारण यात काही गूढ नाही. लाकूड आधी नीट सुकवावे लागते. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण लावून ते सावलीत महिनोन्‌महिने ठेवतात, म्हणजे टोकांना भेगा पडत नाहीत. मग साधारण १३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाडीची चौकोनी कांडी काढायची. तिला मधोमध भोक पाडायचे. जुना सुतार हे काम सामत्याने करी, आता ड्रिलने सात-आठ मिलिमीटरचे भोक अर्ध्या मिनिटात पडते. भोकात पितळी नळी चिकटवायची. या नळीमुळेच लाकडाचा आणि शाईचा संबंध तुटतो आणि फुगण्या-आकसण्याची भीती कमी होते. मग कांडी लेथवर चढवून पटाशीने गोल करायची, काचकागदाने घासायची. जाड कागदापासून सुरुवात करून बारीक होत जायचे, मधली पायरी चुकवली तर चरे राहतात आणि पॉलिशनंतर ते डोळ्यांत खुपतात. शेवटी मेण, लाख किंवा पटकन चिकटणाऱ्या गोंदाचे पातळ थर. निब, टोपण, क्लिप हे बाकीचे सामान तयार मिळते, बहुतेक बाहेरच्या देशातून येते. भुसा नाकात जाऊ नये म्हणून फडके बांधावे. अकेशियाच्या भुशाने शिंका येतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

थोडे गणित करू. या एका कांडीत ५२ घन सेंटिमीटर लाकूड असते. एका घनफुटात २८,३१७ घन सेंटिमीटर. करवतीत, भेगांत, गाठींत निम्मे गेले असे धरले, तरी एका घनफुटातून अडीचशे पेने व्हावीत. कातून झाल्यावर एका पेनावर उरते जेमतेम पाच-सहा ग्रॅम लाकूड, बाकी सगळा भुसा. लगद्याला लाकूड टनावर विकले जाते, पेनाला ग्रॅमवर. एका झाडाच्या दोन किमती यापेक्षा स्पष्ट कशा दिसणार?

बेळगावात शहापूर भागात एक म्हातारे कातारी होते. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, रव्या, भोवरे हे त्यांचे काम. मी त्यांना अकेशियाचा एक तुकडा नेऊन दिला. त्यांनी तो हातात तोलला, नखाने खरवडला, वास घेतला.

"अकेशिया न्हवं हे? जळणाचं लाकूड हो सर. कुठनं आणलासा?"

"मामा, हे कातता येईल का?"

"न येयाला काय झालं? सागापेक्षा जरा चिवट हाय. पटाशीला धार पायजे, बस्स." त्यांनी तुकडा लेथवर चढवला. वरची करडी साल उडाली, पिवळसर लाकूड गेले, आणि आतून तांबूस तपकिरी गाभा वर आला, त्यात काळसर रेघा. मामा थांबले. चष्मा वर करून त्यांनी पुन्हा पाहिले.

"बगा की! एवढी वर्सं चुलीत घातलं आम्ही."

मग त्यांनी जे विचारले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. "करून ठेवतो म्हणा पन्नास. घेणार कोण?" मुलगा उद्यमबागेत लोखंडाच्या लेथवर कामाला होता. त्याला महिन्याचा पगार होता, वडिलांना नव्हता. बेळगाव आज यंत्रांच्या सुट्या भागांचे गाव आहे. ओतकाम, पंप, हायड्रॉलिक्स, आणि हत्तरगीजवळ तर विमानांचे भाग तयार होतात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोजून कातणारे हात इथे आहेत. म्हणजे कातारी नाहीसा झाला असे म्हणता येणार नाही. त्याने लाकूड सोडले आणि लोखंड धरले. मुलाच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

पण लाकडाचे काम जगवता येते याचे दाखले आपल्या आजूबाजूलाच आहेत. सावंतवाडीचे लाखकाम आणि गंजिफा लयाला चालली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या कारागिरांना राजवाड्यात आणून बसवले. त्या चितारींच्या हातचे काम आज जगभर जाते. लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवायची, घर्षणाने ती वितळते, रंग लाकडात बसतो, आणि केवड्याच्या पानाने त्याला चकाकी येते. आमच्या गोव्यात कुंकळ्ळीचे चितारी हेच करत आले. गोकाकला जीनगर कारागीर लाकडाची फळे इतकी हुबेहूब करतात की पाहुणा केळे सोलायला जातो. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. बेळगावच्या चारी बाजूंना लाकडाला रंग देणारे हात आहेत. मग मधल्या बेळगावात लाकडाची लेखणी का होऊ नये?

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पेने करून अकेशियाच्या लागवडीचा प्रश्न सुटेल असे कुणी समजू नये. हजारो हेक्टर कुठे, आणि पाच ग्रॅम कुठे! कुसनूरच्या लोकांनी जे केले ते योग्यच होते, गायराने गावाचीच असायला हवीत. पश्चिम घाटातली ही परकी जंगले हळूहळू विरळ करून देशी झाडांना जागा द्यावी लागेल. पण जी झाडे तोडली जाणारच आहेत, त्यांच्यातला एखादा घनफूट तरी कातारीच्या दारात पडावा, एवढीच अपेक्षा आहे. आज अडचण अशी की वनखात्याचा लिलाव ढिगावर होतो. ढीग घेणारा व्यापारी लगद्याला नाहीतर जळणाला देतो, आणि कातारीला हवी असते वीतभर कांडी. वखारीतल्या तुकड्यांची वेगळी, छोटी विक्री ठेवली, आयटीआयमध्ये लोखंडी लेथबरोबर एक लाकडाचा लेथ ठेवला, तरी पुष्कळ होईल. यासाठी कोटींची योजना लागत नाही.

परका आणि आपला हा प्रश्न या मुलखात फार नाजूक आहे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून इथली माणसे पाट्यांवरच्या अक्षरांसाठी भांडत आली आहेत. त्या भांडणातली वेदना खरी आहे, ती मी हलकी करू इच्छित नाही. मात्र भाषेच्या रोजच्या व्यवहारात इथली मराठी कन्नडला घट्ट मिठी मारून बसलेली आहे, हे कान उघडे ठेवणाऱ्याला कळते. झाडांचे नाव विचारा, निम्मी नावे दोन्ही भाषांत तीच. निलगिरीला कुणी परकी म्हणून पुकारत नाही. ती उभी आहे, दीडशे-दोनशे वर्षे. तिला आता हाकलून ऑस्ट्रेलियात पाठवता येणार नाही. तिचे काय करायचे हे ठरवता येईल. लगदा करायचा, जाळायची, की जिथे नको तिथून काढून तिच्यातले जे सुंदर आहे ते कामाला लावायचे.

ते कातारी मामा आता नाहीत. त्यांनी केलेला तांबूस दांडीचा टाक माझ्या टेबलावर आहे. त्यांना पेनाचे सामान मिळाले नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या आजोबांच्या आठवणीने टाकच केला. पुढे खाच पाडून निब बसवायची जागा ठेवली. सुरुवातीला दांडी जरा खरखरीत होती, पण बोटांच्या तेलाने लाकूड गडद आणि गुळगुळीत होत गेले. एबोनाइटला हे जमत नाही, प्लॅस्टिकला तर नाहीच. शाईत बुडवून त्याने चार ओळी लिहिल्या की पाचव्या ओळीला पुन्हा बुडवावा लागतो, त्यामुळे माणूस विचार करून लिहितो. शहापुरात दुसरा कुणी लाकूड कातणारा असेल, तर त्याचा पत्ता बेळगावच्या वाचकांनी एकमेकांना जरूर सांगावा. पन्नास पेने कुणी मागितली तर तो करील.